पैसे अजून दिले नाहीत ना?

“ह्यांनी कॅरॅव्हॅन बुक केली!”

आधी आवाज आला, मग दुधाच्या उलट्या क्रेटवर चढलेल्या शेजारच्या वहिनींचं डोकं वर आलं. मेलबर्नच्या उत्तरेला आमच्या क्रेगीबर्नमध्ये दोन घरांच्या मधे सहा फुटी पत्रा असतो. बायकांनी त्यावरून गप्पा माराव्यात असं तो लावणाऱ्याच्या मनात नसणार. पण क्रेट सगळ्यांकडे असतात.

“कुठली घेतली?”

“एकवीस फुटी. आत संडास-बाथरूम, वॉशिंग मशीन, एसी, आणि चामड्याचा सोफा. मी म्हटलं, अहो, आपल्या घरात नाही चामड्याचा सोफा! तर म्हणतात, आता रिटायर झालो, सगळा ऑस्ट्रेलिया पालथा घालायचा. डार्विन, ब्रूम, पर्थ, नलारबॉर, सगळं. अठ्ठ्याण्णव हजार डॉलर गं बाई. तेवढ्यात कोल्हापुरात बरा फ्लॅट झाला असता.”

“वहिनी, पैसे अजून दिले नाहीत ना?”

वहिनींचा चेहरा उतरला. पेढे घेऊन आलेल्या माणसाला कोणी असं विचारत नाही, हे मलाही कळतं. पण मी घरांच्या खरेदी-विक्रीचे कागद करणाऱ्या कचेरीत काम करते. कोणी काही मोठं घेतलं की अभिनंदनाच्या आधी माझ्या तोंडून हेच निघतं.

“दहा टक्के दिलेत. बाकीचे ताब्यात घेताना. चार महिने लागतील म्हणाले, कारखान्यात बनतीय अजून.”

“मग वेळ आहे.”

“कसला वेळ?” वहिनींनी पत्र्यावर दोन्ही कोपर टेकले, म्हणजे आता अर्धा तास निश्चिंती. “कोपऱ्यावरच्या मास्तर-मास्तरणीचं म्हणतीस व्हय?”

कोपऱ्यावर एक ऑस्ट्रेलियन जोडपं राहतं. दोघं शाळेतून निवृत्त झाले आणि त्यांनी कोरी करकरीत कॅरॅव्हॅन घेतली. त्यांची कथा आख्ख्या गल्लीला पाठ आहे, तरी वहिनींना ती पुन्हा सांगायची असते आणि मलाही ऐकायची असते.

“पहिल्याच हिवाळ्यात वास यायला लागला. मास्तरीणबाई म्हणत्यात, मला वाटलं ह्यांचे मोजे. मग एक दिवस गादी उचलून बघतात तर खालचा प्लाय काळा! बोट घातलं तर आत गेलं. डीलरकडं गेली बिचारी. तो म्हणाला, गळती नाही ही, तुम्ही दोघं रात्री आत झोपून श्वास घेता ना, त्याची वाफ धरती भिंतीला.”

“मग काय, श्वास न घेता झोपायचं?”

“तेच तर! मग डीलरनं सांगितलं, कारखान्याकडं जा. कारखाना म्हणाला, डीलरकडं जा. पाच महिने गाडी त्यांच्या आवारात पडून. परत आली, पुन्हा गळाली. आता मास्तर ती विकायची म्हणत्यात, पण मास्तरीणबाई विकू देत नाहीत. म्हणत्यात, दुसऱ्याच्या गळ्यात कशी बांधू?”

ऑस्ट्रेलियात बनणाऱ्या बहुतेक कॅरॅव्हॅन आमच्याच शहरात बनतात. क्रेगीबर्नहून खाली ह्यूम हायवेनं निघालात की कॅम्पबेलफील्ड लागतं. तिथे छोट्या-मोठ्या कारखान्यांच्या रांगा आहेत, आणि फाटकाबाहेर पांढऱ्या नव्या व्हॅन उभ्या असतात. तिथेच फोर्डचा कारखाना होता. तो २०१६ च्या ऑक्टोबरात बंद पडला आणि पुढच्या वर्षी टोयोटानं आणि होल्डननंही या देशात गाड्या बनवणं थांबवलं. आमच्या समोर राहणारे ग्रीक आजोबा फोर्डमध्ये होते. कारखाना बंद झाल्यावर त्यांनी थोडे दिवस एका कॅरॅव्हॅनवाल्याकडे काम केलं आणि मग रागानं सोडलं. ते सांगतात त्यातला मीठ-मसाला मी वजा करते, तरी बरंच उरतं.

“आजोबा काय म्हणत होते?” वहिनींनी विचारलं. वहिनींना आजोबांचं इंग्रजी कळत नाही, आणि आजोबांना वहिनींचं. पण दोघांची टोमॅटोंची देवाणघेवाण चालू असते.

“ते म्हणतात, फोर्डमध्ये एका बोल्टला किती ताण द्यायचा ते ठरलेलं असायचं. इथे मेरांटीच्या पातळ पट्ट्यांची चौकट करतात, स्टेपलर मारून. त्यावर बाहेरून ॲल्युमिनियमचा पत्रा, आतून प्लाय. खिडकीसाठी भोक पाडतात, सीलंटची नळी फिरवतात, खिडकी बसवतात. सीलंट एका जागी तुटलं तरी कोणाला कळत नाही. पाणी आत जातं आणि लाकूड आतल्या आत कुजत बसतं. वरून सोफा चामड्याचा.”

“सगळ्या तशाच?”

“नाही हो. काही जण ॲल्युमिनियमची चौकट करतात, काही अखंड पॅनेलची भिंत. त्याही गळू शकतात, फक्त लाकूड नसलं की कुजायला काही नाही. लाकडी चौकटीच्याही वीस-वीस वर्षं टिकलेल्या व्हॅन आहेत. प्रश्न हातांचा आहे. खिडक्या, छतावरच्या झडपा, कोपऱ्यावरच्या पट्ट्या, वरचे छोटे दिवे, मांडवाची पट्टी स्क्रूनं ठोकतात ती जागा... जिथे जिथे भोक, तिथे तिथे कोणाचा तरी हात नीट चालला पाहिजे.”

वहिनी विचारात पडल्या. मग त्यांनी नेमका तो प्रश्न विचारला जो सगळे विचारतात. “पण सरकार तपासत असेल की! या देशात कढीपत्त्याची डहाळी विमानातून आणू देत नाहीत, आणि तीन टनाची गाडी तशीच सोडतात?”

इथे मला दम लागेपर्यंत बोलावं लागलं. या देशात नवा वाहन कायदा १ जुलै २०२१ पासून पुरता लागू झाला. रोड व्हेइकल स्टँडर्ड्स ॲक्ट, २०१८ चा. त्याच्याखाली प्रत्येक नवी कॅरॅव्हॅन विक्रीला येण्याआधी केंद्र सरकारच्या मान्य वाहनांच्या यादीत चढावी लागते. व्हीआयएन नंबर टाकला की कोणालाही ती यादी बघता येते. वहिनींना मी सांगितलं की दादांना, म्हणजे त्यांच्या नवऱ्याला, बघायला लावा, फुकट आहे. पण ती यादी काय सांगते? दिवे आहेत, ब्रेक आहेत, साखळ्या आहेत, लांबी-रुंदी बसते. म्हणजे रस्त्यावरच्या इतर लोकांना तुमच्या व्हॅनपासून धोका नाही. आत झोपणाऱ्याच्या डोक्यावर पाणी पडेल का, हा प्रश्न त्या नियमांत येतच नाही. शिवाय साडेचार टनांखालच्या व्हॅनसाठी नियम पाळल्याचे पुरावे कारखानदारच गोळा करतो आणि मंजुरी मॉडेलला मिळते. दादांची व्हॅन बनवताना शेजारी सरकारी माणूस उभा नसतो.

“म्हणजे चोराच्या हातात जामदारखान्याच्या किल्ल्या.”

“तितकंही नाही. गॅसला परवानाधारक गॅसफिटरचं सर्टिफिकेट लागतं, विजेला इलेक्ट्रिशियनचं. ते कागद मागून घ्या, फोटोकॉपी नको. आणि कॅरॅव्हॅनवाल्यांची संघटना आपल्या सभासद कारखान्यांची तपासणी करते, पास झालेल्यांच्या व्हॅनवर बिल्ला लागतो. आरव्हीएमएपी म्हणतात त्याला. बिल्ला नसलेल्यापेक्षा असलेला बरा. पण तपासणारी संघटना त्यांचीच.”

“आणि ग्राहक कोर्ट?”

“कायदा चांगला आहे. खरंच चांगला आहे.”

ऑस्ट्रेलियाचा ग्राहक कायदा २०११ पासून लागू आहे. कंपनीची वॉरंटी संपली तरी त्यातल्या हमी संपत नाहीत. माल स्वीकारार्ह दर्जाचा हवा, आणि दोष मोठा असेल तर पैसे परत की बदली, हे गिऱ्हाइकानं ठरवायचं, दुकानदारानं नाही. २०२० च्या अखेरीस त्यात आणखी एक गोष्ट स्पष्ट झाली: बारीकसारीक दोष पुष्कळ असतील तर ते मिळून मोठा दोष धरता येतो. कॅरॅव्हॅनच्या बाबतीत हे सोन्यासारखं कलम आहे, कारण तिथे एकच मोठी गोष्ट क्वचित बिघडते. नळ गळतो, दार लागत नाही, फ्रिज बंद पडतो, कप्पा निखळतो, छतातून थेंब येतो.

“मग मास्तरांना पैसे का नाही मिळाले परत?”

“कारण मोठा दोष होता हे सिद्ध कोणी करायचं? मास्तरांनी. कशावरून? काळ्या प्लायवरून. पण तो पाण्यानं झाला की श्वासानं, यावरच भांडण. व्हीकॅटमध्ये, म्हणजे आपल्या राज्याच्या त्या ग्राहक कोर्टात, जायचं म्हणजे फी भरा, तज्ज्ञाचा अहवाल आणा, तारखा घ्या. आणि तोवर व्हॅन डीलरच्या आवारात, पैसे डीलरच्या खात्यात.”

ऑस्ट्रेलियाच्या स्पर्धा आणि ग्राहक आयोगानं, म्हणजे एसीसीसीनं, २०२२ च्या जुलैत नव्या कॅरॅव्हॅनच्या विक्रीवर एक अहवाल काढला. सव्वादोन हजारांहून जास्त मालकांना विचारलं. त्यातल्या ऐंशी टक्के लोकांनी सांगितलं की आपल्या नव्या व्हॅनमध्ये काहीतरी बिघाड निघाला. वहिनी “ऐंशी!” म्हणून क्रेटवरून पडायच्या बाकी होत्या. मी त्यांना सांगितलं की तो आकडा जसाच्या तसा घेऊ नका. ज्याच्या पोटात दुखतं तोच ओवा मागतो. ज्यांची व्हॅन ठणठणीत चालली ते फॉर्म भरायला बसले नसणार, ब्रूमच्या समुद्रावर पाय सोडून बसले असणार. पण त्या अहवालातली दुसरी गोष्ट मला आकड्यापेक्षा जास्त पटली. कायद्यानं डीलरनं गिऱ्हाइकाला भरपाई दिली तर कारखान्यानं ती डीलरला द्यायची असते. डीलर ती मागायलाच घाबरतात, कारण उद्या कारखान्यानं माल देणं बंद केलं तर? म्हणून डीलर गिऱ्हाइकाला कारखान्याकडे ढकलतो. मास्तरांचा फुटबॉल झाला त्याचं कारण डीलरचा दुष्टपणा असेलच असं नाही. त्याच्याही मानेवर कोणीतरी बसलंय.

एसीसीसी म्हणजे तरी काय, सुदर्शन चक्र नाही. त्यांनी २०१७ साली जेकोला, म्हणजे देशातल्या सगळ्यात मोठ्या कॅरॅव्हॅन कंपनीला, चार गिऱ्हाइकांच्या तक्रारींवरून फेडरल कोर्टात नेलं. निकाल २०२० मध्ये लागला. एका गिऱ्हाइकाला त्याच्या हक्कांबद्दल चुकीचं सांगितलं, एवढंच सिद्ध झालं. बाकी आरोप टिकले नाहीत. दंड झाला ७५,००० डॉलर.

“एका व्हॅनचीसुद्धा किंमत नाही ती!” वहिनी म्हणाल्या. “ह्यांच्या सोफ्याचे पैसे वजा केले तर बरोबर तेवढीच.”

मग मी त्यांना त्यांच्याच घराची आठवण करून दिली. आमच्या या गल्लीत घरं नवी बांधली गेली तेव्हा प्रत्येकानं, अगदी प्रत्येकानं, स्वतःच्या पैशानं इन्स्पेक्टर आणला होता. बिल्डरनं किल्ली देण्याआधी एकदा, आणि शहाण्यांनी त्याआधी चौकट उभी असतानाही एकदा. दादा तर त्या इन्स्पेक्टरच्या मागे स्वतः टॉर्च घेऊन फिरले होते. बाथरूमचा उतार उलटा निघाला म्हणून बिल्डरला फरशी उखडायला लावली होती. तेव्हा शेवटचा हप्ता द्यायचा बाकी होता, म्हणून बिल्डर गुमान आला. मग लाखभर डॉलरची व्हॅन घेताना तेच दादा सोफ्याचा वास घेऊन सही करून आले?

“अगं, शोरूममध्ये कॉफी दिली चांगली,” वहिनी म्हणाल्या.

कॅरॅव्हॅन तपासणारी माणसं असतात. काही पूर्वीचे मेकॅनिक, काही कॅरॅव्हॅन दुरुस्त करणारे, आजोबांसारखे कारखान्यातून बाहेर पडलेलेही. काही शे डॉलर घेतात. चांगला माणूस सबंध सकाळ घालवतो. ओल मोजायचं यंत्र घेऊन भिंतीवर, कपाटांच्या आत, खिडक्यांखाली हातहात पुढे सरकतो. गाडीखाली आडवा होऊन चॅसीची वेल्डिंग बघतो, वायरी कुठे घासतायत ते बघतो. दोन टनांवरच्या व्हॅनला सगळ्या चाकांना ब्रेक लागतात आणि गाडीपासून सुटली तर आपोआप ब्रेक लागायची सोय लागते. ती पिन तो ओढून बघतो, कागदावर टिक करत नाही. काही जणांकडे एक झकास यंत्र असतं. छतावरच्या एका झडपेत पंखा बसवून व्हॅनमध्ये हवा भरतात आणि बाहेरून सांध्यांवर साबणाचं पाणी मारतात. बुडबुडा आला की तिथे भोक. वादच नाही. श्वासाची वाफ वगैरे बोलायला जागा राहत नाही.

“हे मास्तरांनी आधी केलं असतं तर?”

“तर बुडबुडे डीलरच्या आवारात आले असते, आणि तेव्हा पैसे मास्तरांकडे असते.”

वजनाचं प्रकरण मी मुद्दाम उशिरा काढलं, कारण त्यात वहिनींचा थेट संबंध येत होता. प्रत्येक व्हॅनच्या पाटीवर दोन आकडे असतात: रिकामी व्हॅन किती किलो, आणि भरून जास्तीत जास्त किती. समजा पाटीवर लिहिलंय रिकामी २,५६० आणि कमाल ३,०००. म्हणजे ४४० किलो सामान. पण रिकामी म्हणजे टाक्या रिकाम्या. ९५ लिटरच्या दोन टाक्या भरल्या की १९० किलो पाणी. दोन सिलिंडरमधला गॅस १८ किलो. उरले २३२. आता त्या पाटीनंतर दादांनी जे जे वाढवून घेतलं, मोठा एसी, मांडव, वॉशिंग मशीन, चामड्याचा सोफा, ते पाटीत धरलंय का? नसेल आणि व्हॅन काट्यावर २,६८० भरली, तर उरतात ११२ किलो. त्यात दोघांचे कपडे, चादरी, खुर्च्या, भांडी, अवजारं.

“आणि माझा कुकर, खलबत्ता, चटणीच्या बरण्या,” वहिनी बोटं मोजत होत्या. “आणि रश्श्याचं मोठं पातेलं.”

“मोठं पातेलं कशाला, दोघंच तर आहात.”

“वाटेत कोण भेटलं तर?”

नलारबॉरच्या माळरानावर कोण भेटणार होतं ते मी विचारलं नाही. सांगायचं एवढंच की वजन पाटीवर वाचायचं नसतं, काट्यावर घालायचं असतं, आणि इन्स्पेक्टरला सांगितलं तर तो पैसे देण्याआधी काट्याची पावती आणून देतो. वजन जास्त निघालं तर विमावाला हात वर करायला मोकळा. “आमची गाडी साडेतीन टन ओढती” असं दादा सगळ्यांना सांगतात. तेवढं ओढताना खुद्द गाडीत किती माणसं-सामान चालतं, तो आकडा वेगळा आणि बराच लहान असतो, हे सेल्समन सांगत नाही.

त्या दिवशी गप्पा एवढ्यावरच राहिल्या, कारण वहिनींच्या गॅसवर काहीतरी करपायला लागलं.

पुढच्या रविवारी वहिनी क्रेटवर चढल्या त्या विजयी मुद्रेनं. “झालं गं तुझं काम! मी ह्यांना फोन करायला लावला. तो शोरूमवाला इतका चांगला! म्हणाला, इन्स्पेक्टर कशाला शोधताय, आमचाच माणूस आहे, ताब्यात द्यायच्या आधी शंभर गोष्टी तपासतो, सर्टिफिकेट देतो. फुकट!”

मी कपाळाला हात लावला. “वहिनी, दादा शिरोलीला कुठे होते?”

“फाउंड्रीत. का?”

“कुठल्या खात्यात?”

“क्वालिटीत.”

“मग पुण्याच्या गाडी कंपनीला माल जायचा तेव्हा तपासायला कोण यायचं?”

वहिनींच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. कोल्हापूरच्या शिरोलीतल्या फाउंड्रीवाल्याच्या घरात इतकी वर्षं काढलेल्या बाईला हे समजावून सांगावं लागत नाही. फाउंड्रीचा स्वतःचा क्वालिटीवाला असतो, दादा तोच होते, मन लावून काम करायचे. तरी गिऱ्हाइकाचा माणूस वेगळा येतो. त्याला चहा मिळतो, कांदाभजी मिळते, निघताना गुळाची ढेपही गाडीत ठेवतात, पण त्याचा पगार पुण्याहून येतो. म्हणून तो कास्टिंगवर रंग टाकून भेग शोधतो आणि सापडली की खडूनं फुली मारतो. दादाच सांगतात, महिनाअखेरीला माल पाठवायची घाई असली की स्वतःच्या मालावर फुली मारताना त्यांचा हात जड व्हायचा. ते बेइमान नव्हते. शेजारी मालक उभा असायचा.

“थांब,” वहिनी म्हणाल्या, आणि क्रेटवरूनच मागे वळून ओरडल्या, “अहो! तुमच्या शिरोलीच्या गोष्टी पुरे झाल्या, इकडं या जरा!”

दादा आले. त्यांना क्रेट लागत नाही. मी डीलरच्या फुकट माणसाविषयी बोलले तेव्हा आधी हसले, मग दाढी खाजवली, मग म्हणाले, “मला हे सुचायला पाहिजे होतं.” मग लगेच इंजिनिअरसारखे शंका काढू लागले, आणि त्या रास्त होत्या. इन्स्पेक्टरला भिंतीच्या आतलं कसं दिसणार? नाही दिसणार. म्हणून शक्य असेल तर दोनदा बोलवायचा, एकदा चौकट उघडी असताना आणि एकदा ताब्याआधी. कारखाने पहिल्या वेळी नाही म्हणतात, विम्याचं कारण सांगतात, कधी ते खरंही असतं. मग निदान रोजचे फोटो मागायचे. आणि हे इन्स्पेक्टर कोण? त्यांना सरकारी परवाना लागतो का? वेगळा असा लागत नाही. उद्या मीही ओल मोजायचं यंत्र विकत घेऊन पाटी लावू शकते. म्हणून विचारायचं: चुकलात तर भरून देणारा विमा आहे का तुमचा? आधीचा एखादा अहवाल दाखवाल? डीलरकडून काही मिळतं का? ऐंशी पानांचा, दोनशे फोटोंचा अहवाल देऊन शेवटी ‘एकंदरीत समाधानकारक’ लिहिणारा नको. ‘या तीन गोष्टी झाल्याशिवाय ताबा घेऊ नका’ असं लिहून सही करणारा हवा.

“आणि हे सगळं गिऱ्हाइकानं स्वतःच्या खर्चानं करायचं?” दादा म्हणाले. “ज्यानं नीट बनवायचे पैसे घेतले, त्यानं नीट बनवलं का हे बघायचे पैसेही आपणच द्यायचे?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि नाही. मला स्वतःला वाटतं की मान्य वाहनांच्या यादीत चढण्याआधी प्रत्येक व्हॅनवर ती साबणाच्या पाण्याची चाचणी सक्तीची हवी. दिवे लागतात का हे बघणाऱ्या कायद्याला छत गळतं का हे बघायला काय हरकत आहे? एसीसीसीची मागणी तर याहून पुढची आहे. हमी पाळली नाही तर तोच कायद्याचा भंग धरावा आणि दंड व्हावा. तसं झालं तर डीलर श्वासाची वाफ बोलण्याआधी दोनदा विचार करील. पण दादांची व्हॅन आत्ता कारखान्यात आहे, आणि संसदेचा वेग आपल्याला माहीत आहे.

“बाकीचे पैसे कसे देणार आहात?” मी विचारलं.

“थोडे आमचे, बाकी कर्ज. बँक थेट डीलरला देणार, ताब्याच्या दिवशी.”

हाच तो खड्डा, ज्यात भली भली माणसं पडतात. कर्जाचे पैसे बँकेकडून एकदा सुटले की गिऱ्हाइकाच्या हातात काहीच उरत नाही. तुम्ही किल्ली घ्यायला जाता, इन्स्पेक्टर सांगतो मागची खिडकी गळते, सेल्समन म्हणतो “हो हो, पहिल्या सर्व्हिसला करून देऊ”, आणि पैसे तर सकाळीच गेलेत. म्हणून तपासणी ताब्याच्या दिवशी नको, आठवडाभर आधी हवी. बँकेला सांगायचं, माझ्या लेखी होकाराशिवाय रक्कम सोडू नका. आणि डीलरला आत्ताच ईमेल पाठवायची: स्वतंत्र तपासणी होईल, त्यात निघालेले दोष दुरुस्त झाल्यावर आणि पुन्हा तपासल्यावर उरलेली रक्कम दिली जाईल. करारात ती ओळ नसली तर नवीन कागदावर घालून घ्यायची. नकार दिला तर तो नकारही लेखी घ्यायचा, कारण व्हीकॅटमध्ये तोही कागद बोलतो. आणि असा नकार देणाऱ्याकडे उरलेले अठ्ठ्याऐंशी हजार न्यायचे की नाही, हे दादांनी ठरवायचं.

“अनामत बुडेल की!” वहिनी.

“कदाचित. ते वकिलाकडून वाचून घ्या, मी नुसते घरांचे कागद करते.”

दादा खिशातून फोन काढून तिथल्या तिथे ईमेल लिहायला लागले. त्यांना ‘स्वतंत्र’ला इंग्रजीत काय लिहायचं ते माहीत होतं, पण सेल्समनचं नाव आठवेना. वहिनींना आठवलं. कॉफीत दोन चमचे साखर घालणारा तोच. मग ईमेल लिहिता लिहिता, तपासणीला ग्रीक आजोबांनाही बरोबर न्यायचं असं दादांच्या डोक्यात आलं. आजोबांना विचारलं तर ते म्हणाले, येतो, पण इन्स्पेक्टर वेगळा आणा, मी त्या लोकांवर अजून चिडलेला आहे, माझं कोण ऐकणार. वहिनींना हे मी मराठीत सांगितलं. त्या म्हणाल्या, “बरोबर बोलतोय म्हातारा. आणि ते वजनाचं पण लिहा ईमेलमध्ये. काट्यावर घालून पावती द्या म्हणावं, सोफ्यासकट.”

दादांनी लिहिलं. मग विचारलं, “सोफा काढून टाकला तर किती किलो वाचतील?”

“तुम्ही सोफा ठेवा,” वहिनी म्हणाल्या, “पातेलं मात्र येणार.”